घड्याळजीची भाची

“ती भाची मठ्ठच असणार, नाहीतर एवढं ऐकून कोण गप्प बसेल?” असं मिस हिंड म्हणाली आणि मिसेस थोरोल्डच्या दिवाणखान्यात हशा पिकला. मीही हसले. माझ्या हातात बशी होती, बशीत शहाजिरं घातलेल्या केकचा तुकडा होता, आणि तो मी नेमका त्याच क्षणी तोंडात टाकला; कारण तोंडात काही असलं की बोलावं लागत नाही, ही युक्ती मी आयुष्यभर वापरत आले आहे. शहाजिऱ्याचा एक दाणा दाढेत अडकला. पुढे लोक बरंच काही बोलले आणि माझी जीभ त्या दाण्याशी झटत राहिली. मठ्ठ भाची म्हणजे मी, हे त्या बावीस माणसांत एकट्या मला ठाऊक होतं, आणि मलाही ते कळून जेमतेम अर्धा तास झाला होता. मिस हिंड मुलगी चांगली आहे. तेवीस वर्षांची, तोंडाळ, केसांत नेहमी पेन्सिल खोचलेली. तिच्यावर रागावण्यात काही अर्थ नव्हता.

हे नीट सांगायचं तर आधी अँब्रोजचं सांगायला हवं. आमच्या घरात सगळंच आधी अँब्रोजचं सांगावं लागतं. अँब्रोज टॅरंट माझा थोरला भाऊ आणि कवी. त्याच्या कवितेत तो स्वतः कधी बोलत नाही. दुसराच कोणीतरी बोलतो: किल्ला शत्रूला विकणारा कप्तान, खोटी साक्ष देणारा कारकून, भावाला पाण्यात ढकलणारा चक्कीवाला. समोर कोणीतरी बसलेलं असतं आणि ते शेवटपर्यंत अक्षर बोलत नाही. बोलणारा मात्र आपण किती सज्जन आहोत हे पटवता पटवता स्वतःलाच उघडा पाडत जातो. त्याला ते कळत नाही, वाचणाऱ्याला कळतं. विद्वान मंडळी याला नाट्यात्म एकभाषित म्हणतात. कोणी अँब्रोजला विचारलंच, की साहेब, हे तुमचं मत का, तर तो दोन्ही हात वर करतो आणि म्हणतो, तो कप्तान बोलतोय, मी फक्त लिहून घेतलं. लिहून घेतलं हेही खरं नाही. लिहून मी घेतलं. लंडनमध्ये कॅननबरीतल्या आमच्या घरात रोज सकाळी दहा ते एक अँब्रोज पुढच्या खोलीत येरझारा घालत मोठ्यानं बोलतो, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसते. मी त्या दिवशी जी कोणी असेन ती असते: कप्तानाची रखेल, कारकुनाचा मुलगा, चक्कीवाल्याची आई. नियम एकच, उत्तर द्यायचं नाही. मान हलवलेली चालते. अंग चोरलेलं तर त्याला फारच आवडतं, लगेच कवितेत येतं. असं बावीस वर्षं चाललं आहे. त्या खुर्चीत बसून मी चार खून, दोन फितुऱ्या आणि एक चर्चची चोरी ऐकून घेतली आहे, आणि दुपारी एक वाजता उठून मटण झालं का ते बघायला गेले आहे.

तर त्या दिवशी हायबरीच्या वाचक मंडळात अँब्रोजच्या ‘गेंटचा घड्याळजी’ या कवितेवर रेव्हरंड ट्रिमनेल निबंध वाचणार होते. अँब्रोज संधिवातानं घरी होता, म्हणून कवीची बहीण या नात्यानं मला मधली खुर्ची मिळाली. शेजारी काळ्या रेशमातल्या एक बाई येऊन बसल्या. मिसेस क्रे. मॉन्ट्रियलहून वसंतात परतलेल्या, विधवा, बोलायला मोकळ्या. माझं नाव ऐकलं आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “म्हणजे आमच्या गिडियनला नकार देणाऱ्या त्या तुम्हीच होय? अहो, फार शहाणपणा केलात. तिकडच्या थंडीत तुमची हाडं राहिली नसती.” मग हसत हसत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा भाऊ गिडियन पेल आता जाडजूड झाला आहे, जमीन-मोजणीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे, चार मुलं आहेत, बायको स्कॉटिश आणि जरा कंजूष आहे. लग्नाची मागणी घालणारं पत्र तो माझ्या भावाच्या हाती देऊन गेला होता; त्याला उत्तर म्हणून आलेलं माझं पत्र त्यानं बरीच वर्षं जपून ठेवलं होतं, मग घर बदलताना हरवलं. माझं पत्र म्हणजे तसं माझ्या भावाच्या अक्षरातलं. मी तापानं आजारी होते ना, म्हणून भावानं माझ्या वतीनं लिहिलेलं. मिस टॅरंट आपल्या अत्यंत आभारी आहेत, पण भावाचं घर सोडणं त्यांना शक्य दिसत नाही. मिसेस क्रेंना ते वाक्य पाठ होतं. मी ताप कुठला, असं विचारणार होते. तेवढ्यात मिसेस थोरोल्डनी घंटा वाजवली आणि रेव्हरंड ट्रिमनेल उभे राहिले.

अठराशे अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात मला ताप नव्हता. मी आठवडाभर रेडिंगला मावशीकडे मुरंबे करायला गेले होते. तेव्हा मी एकतीस वर्षांची. गिडियन क्लार्कनवेलला नकाशे कोरायचा, तांब्याच्या पत्र्यावर, उलटे. आणि छापून आलेल्या नकाशांच्या किनाऱ्यांना रंग भरायचं काम त्यानं मला मिळवून दिलं होतं. दर रविवारी तो गुंडाळी घेऊन यायचा. समुद्राची निळी कड ओल्या ब्रशनं आत ओढत न्यायची, जमिनीला लागू द्यायची नाही. त्या निळ्याला एक आंबूस वास असे, तो अजून कधी कधी माझ्या बोटांना येतो, म्हणजे येत नसणारच. गिडियनच्या अंगठ्याच्या नखात कायमची शाई होती. दिसायला यथातथा. पण मला भेटलेला तो एकच पुरुष, जो प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहायचा. मला ते इतकं सवयीचं नव्हतं की पहिल्यांदा त्यानं “तुम्हाला कॅनडा कसा वाटतो?” असं विचारलं तेव्हा मी खाली मान घालून रंगच भरत राहिले, आणि चांगला वेळ गेल्यावर वर पाहिलं तर तो तसाच बसलेला होता, वाट पाहत. मी म्हणाले, मोठा आहे. तो म्हणाला, हो, दोघांना पुरेल. मी रेडिंगहून परत आले त्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रंगवलेले कागद घेऊन मी आपण होऊन दुकानात गेले, तर मालक म्हणाला, पेल मंगळवारीच लिव्हरपूलला गेला, जहाज गाठायला. तुम्हाला बोलला नाही का? तो मालक माझ्याकडे ज्या दयेनं बघत होता ती दया मी सोळा वर्षं अंगावर वागवली. मी स्वतःला सांगितलं, हेस्टर, तुला भास झाले. सरळ माणसाच्या साध्या बोलण्यात तू नाही ते ऐकलंस. त्यानंतर कोणत्याही पुरुषाच्या बोलण्यात मी काही ऐकलं नाही, भाऊ सोडून.

रेव्हरंड ट्रिमनेल वाचत होते. कविता अशी आहे: म्हातारा घड्याळजी समोर रीळ गुंडाळत बसलेल्या भाचीला सांगतो, की फार वर्षांपूर्वी तुझ्यासाठी एका खलाशानं माझ्या हाती पत्र दिलं होतं, ते मी तुला दिलं नाही. माझे डोळे जात चालले होते, बारीक चाकांवर दिवा कोणी धरला असता? दोष असेल तर तो दिव्याचा आहे, दिव्याला विचार. ती ‘दिव्याला विचार’ची ओळ आता लोकांच्या तोंडी झाली आहे, बँकेतला कारकूनसुद्धा काही चुकलं की दिव्याला विचारा म्हणतो. भाची उत्तर देत नाही. एका जागी म्हातारा तिला म्हणतो, खिडकीकडे बघू नकोस, तिकडे आता कोणी नाही. या ओळीवर रेव्हरंड ट्रिमनेल दहा मिनिटं बोलले. खिडकी म्हणजे स्वर्ग, आणि भाचीचं मौन म्हणजे क्षमा. मला आठवत होतं की अँब्रोज ती ओळ रचत असताना मी खिडकीकडे पाहिलं तेव्हा खाली कोळसेवाल्याचा घोडा आमच्या कुंडीतली जिरेनियमं खात होता. मग रिवाजाप्रमाणे शेवटची पंधरा मिनिटं आली. या मंडळात एक करमणूक आहे: कवितेत जो गप्प बसलेला असतो त्याच्या वतीनं कोणीतरी उभं राहून उत्तर द्यायचं, आपणच तो आहोत असं समजून. त्याला ते मुक्याचं उत्तर म्हणतात. एकदा एका दंतवैद्यानं चक्कीवाल्याच्या आईचं असं उत्तर दिलं होतं की बायका रडल्या. त्या दिवशी कोणीच उठेना, तेव्हा मिस हिंड ते मठ्ठपणाचं बोलली, आणि वर म्हणाली, मी भाची असते तर रीळ फेकून मारलं असतं.

मला आठवत होतं ते साठ सालच्या मार्चमधलं. गिडियनला जाऊन दीड वर्ष झालेलं. अँब्रोजला सडकून पडसं झालं होतं. तो आगटीजवळ मोहरीच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला होता, नाक लाल, खांद्यावर माझी शाल. दहा वाजले नव्हते. आमची वेळ झाली नव्हती. तो म्हणाला, हेस्टर, बस, मला काही सांगायचं आहे. मी खुर्चीत जाऊन बसले. तो येरझारा घालत नव्हता, हात हलवत नव्हता. पाण्याकडे बघत तो म्हणाला, एका माणसाकडे एक गृहस्थ आला. त्या माणसाच्या घरात एक बाई होती. गृहस्थानं तिच्यासाठी पत्र दिलं. त्या माणसानं ते तिला दिलं नाही. चुकलं त्याचं. तो रोज म्हणतो की आज सांगू. मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. तो काटा कशाचा, हे मला आज अगदी स्पष्ट सांगता येतं आणि त्याची लाज वाटते. मला वाटलं, काय साधं झालंय हे. इतकी वर्षं याच्या माणसांना जो डामडौल असतो तो कुठे गेला? मी हळूच पेन्सिल उचलली. पेन्सिल दिसताच तो थांबला. आणि मी, नियम मोडून, बोलले.

“थांबू नकोस, चांगलं चाललंय. फक्त, असला माणूस ‘चुकलं’ इतक्या लवकर नाही म्हणणार. आधी दिव्याला दोष देऊ दे त्याला.”

“कुठला दिवा?” अँब्रोज म्हणाला.

“म्हातारा असेल ना तो? डोळे गेले असतील. काहीतरी बारीक काम करत असेल, दिवा धरायला ती बाई लागत असेल. मग तो कशाला तिला जाऊ देईल?”

तो माझ्याकडे बघत राहिला. पाण्याची वाफ संपली होती. मी आणखी गरम आणू का विचारलं, तर त्यानं मान हलवली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, घड्याळजी करू का? मी म्हणाले, कर. आणि गेंट मी सुचवलं, कारण नकाशे रंगवायचं माझं काम अजून चालू होतं आणि बेल्जियममधलं ते शहर मी दोन दिवसांपूर्वीच रंगवलं होतं. अकरा दिवसांत कविता झाली. सुवाच्य प्रत मी केली. आठव्या ओळीत एक मात्रा कमी पडत होती ती मी भरली.

चहा संपल्यावर मी मंडळातून पायीच निघाले. हायबरी प्लेसपासून आमच्या घरापर्यंत मला वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी तास लागला. मी काही रडत वगैरे नव्हते. मी हिशेब जुळवत होते आणि तो जुळत नव्हता. मला खरंच कळलं नव्हतं का? पत्र, घरातली बाई, गृहस्थ. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझ्यासमोर बसून त्यानं खून कबूल केले होते, मग एक पत्र खरं कसं वाटावं, हे ठीक आहे. पण मला एक आठवत होतं. पेन्सिल उचलताना माझा हात घाईनं गेला होता. उशीर झाला तर काहीतरी निसटेल अशी ती घाई होती, आणि निसटणार होतं ते वाक्यच असं मी आजवर समजत आले. पेन्सिल हातात असेपर्यंत ती कविता होती. हातात नसती तर मला उठावं लागलं असतं, किंचाळावं लागलं असतं, जहाजाचं तिकीट काढावं लागलं असतं; दीड वर्षानं कोण कुठला गिडियन वाट पाहत असेल असं स्वतःशी बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा दिवा सुचवणं सोपं होतं. पण असं म्हणणं म्हणजे अर्धा गुन्हा मीच पदरात घेणं झालं, आणि तो पदरात घ्यायची माझी मुळीच तयारी नव्हती. कॅननबरी चौकातल्या बाकावर बसून मी ठरवलं की मला गिडियन नको, सोळा वर्षं परत नकोत, ती कोणी देऊही शकत नाही. मला अँब्रोजच्या तोंडून एक वाक्य हवं. त्याच्या स्वतःच्या.

तो पुढच्या खोलीत आगटीजवळ टोस्ट खात होता. लोकांना आवडलं का, हे त्यानं आधी विचारलं. मी टोपीसुद्धा न काढता म्हणाले, आज मिसेस क्रे भेटल्या, गिडियन पेलची बहीण. अँब्रोजनं टोस्ट बशीत ठेवला. लोणी लागलेली बोटं रुमालाला पुसली, एकेक बोट निवांत. मग तो जे म्हणाला ते मला अपेक्षित नव्हतं.

“मी तुला सांगितलं होतं.”

“कधी?”

“तुला माहितीये कधी. तुझ्याच अक्षरात आहे ते, हेस्टर. तूच मला म्हणालीस की चुकलं म्हणायची घाई करू नकोस.”

मी म्हणाले, मंडळात कोणी विचारलं तर तू म्हणतोस तो घड्याळजी बोलला, मी नाही. आणि मी विचारलं तर म्हणतोस तो मीच होतो, तुला ऐकू आलं नाही. दोन दारांचं घर छान बांधलंयस. तो म्हणाला, तुझ्यावाचून माझं काय झालं असतं याचा विचार कर. मी म्हणाले, हा दिवाच झाला. मी टोपी काढली, खुर्चीत न बसता टेबलाशी उभी राहिले आणि म्हणाले, मला एक वाक्य दे. मी तुझं पत्र दडपलं. एवढंच. गेंट नको, रीळ नको, डोळे नकोत. तू म्हण, मी ऐकते, मग मी स्वयंपाकघरात जाते.

आणि त्यानं प्रयत्न केला. हे मी त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तो उठला, गुडघा दुखत असताना उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, “हेस्टर, मी...” पण तो आवाज कप्तानाचा होता. छातीतून येणारा, किल्ला विकतानाचा. त्यालाही तो ऐकू आला असावा. तो थांबला, पुन्हा सुरू झाला, तर आता साक्ष देणारा कारकून, नाकातून आणि अजिजीनं. तिसऱ्यांदा कोण होतं ते ओळखायला मला क्षणभर लागला; चक्कीवाला होता. बावीस वर्षं मी त्याचे आवाज ओळखत आले होते, मला एकही चुकवता आला नसता. त्याचा स्वतःचा आवाज कुठला, हे मी आठवून पाहू लागले. पडशाच्या त्या सकाळी तो होता, पाण्याकडे बघत. त्यानंतर मी तो ऐकलेला नव्हता. शेवटी तो खाली बसला आणि थकून म्हणाला, तसा माणूस ते वाक्य कसं म्हणेल तेच सापडत नाहीये. मी विचारलं, कसा माणूस? टोस्ट गार झाला होता, तो मी उचलून नेला.

पुढचे तीन आठवडे आम्ही रोज दहाला त्या खोलीत बसलो आणि त्यानं काही रचलं नाही. तो दाराकडे बघायचा, मी खिडकीकडे. मला सूड घ्यायचा नव्हता असं मी म्हणणार नाही. मला तो भल्या माणसांसमोर उघडा पडायला हवा होता, त्याच्या बाजूनं बोलणारा घड्याळजी मध्ये नसताना. नोव्हेंबरच्या बैठकीला मंडळानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं, त्याच कवितेवर, कारण मागच्या वेळी भाचीचा प्रश्न अर्धवट राहिला होता. दुपारचे तीन वाजले होते, तरी गॅसचे दिवे लावलेले. मिसेस क्रे बाथ गावी मुलीकडे गेल्या होत्या. अँब्रोजला मधली खुर्ची दिली गेली, मला त्याच्या उजवीकडे. पुन्हा विचारलं गेलं की भाची का बोलत नाही, आणि अँब्रोजनं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, ते मला कसं माहीत असणार, तिनं मला सांगितलं नाही. लोक हसले. मिसेस थोरोल्डनी इतिवृत्ताची वही उघडली आणि मुक्याचं उत्तर कोण देणार असं विचारलं. मी उभी राहिले. दुसरी वेळ मला कोणी दिली नसती.

मी वरच्या पट्टीत बोलले नाही. मी म्हणाले, “ती भाची मी आहे. तो मला खरं सांगत होता आणि मला वाटलं तो कविता करतोय. माझ्या हातात पेन्सिल होती. तो चुकलं म्हणाला, ते मी खोडायला लावलं, कारण ते लवकर आलं होतं. पत्र पाठवणाऱ्याचं नाव गिडियन पेल, तो नकाशे कोरायचा, तो माझ्या उत्तराची वाट बघायचा. सोळा वर्षं मला वाटलं की मला भास झाला. माझ्या भावानं ते पत्र दडपलं आणि मी त्याला निमित्त पुरवलं. दिवा मी दिलाय. म्हणून मी बोलत नाही.” मी बसले.

खोलीत काही क्षण काहीच झालं नाही, आणि मला वाटलं, झालं. मग दंतवैद्यानं टाळी वाजवली आणि सगळे वाजवू लागले. रेव्हरंड ट्रिमनेल उठून उभे राहिले. आपला क्षमेचा सिद्धांत आपण मागे घेतो म्हणाले. मामाऐवजी भाऊ घातला, केवढी जवळीक आली, असं कोणीतरी म्हणालं, आणि कोणी म्हणालं, नकाशे कोरणारा! किती नेमकं सुचलं. मिस हिंडचे डोळे भरले होते. तिनं येऊन माझे दोन्ही हात धरले. “मी चुकले, मिस टॅरंट. ती मठ्ठ नाहीच. तिला फार चांगली जाण होती, तीच तिला नडली.” टाळ्या थांबेनात. मला ओरडून सांगता आलं असतं की हा खेळ नाही, हे खरं आहे. मी तोंड उघडलंही. पण मी हे सांगू नये ते सांगते: मला बरं वाटत होतं. सत्तेचाळीस वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा कोणी टाळ्या वाजवत होतं, आणि त्या आणखी थोडा वेळ चालाव्यात असं मला वाटलं.

एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. अँब्रोज खुर्चीचे हात धरून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या माणसांत एकट्या त्याला कळलं होतं की मी काय बोलले. तो माझ्या अगदी जवळ आला आणि हळू, त्याच्या कुठल्याच पात्राच्या आवाजात नाही असं, म्हणाला, “हेस्टर, ते पत्र मी...”

त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं मिसेस थोरोल्ड वही घेऊन वाकल्या होत्या. त्यांना सगळं जसंच्या तसं उतरवून हवं होतं. आधी नकाशे आलं की आधी पेन्सिल, असं त्या विचारत होत्या.

“एक मिनिट, अँब्रोज,” मी म्हणाले, आणि मिसेस थोरोल्डना सांगितलं, आधी पेन्सिल. मग त्यांना दिव्याचं वाक्य नीट ऐकू आलं नव्हतं, ते मी पुन्हा सांगितलं. ‘पुरवलं’पेक्षा ‘दिलं’ बरं वाटेल का असं त्यांनी विचारलं आणि मी थोडा विचार करून नको म्हणाले, कारण पुढे ‘दिलाय’ येतो. त्यात किती वेळ गेला मला माहीत नाही. वळून पाहिलं तेव्हा अँब्रोज बाहेर दिवाणखान्याच्या दारात होता आणि मोलकरीण त्याला कोट चढवत होती. परतताना घोडागाडीत तो एवढंच म्हणाला की उद्या धुकं असणार. मी पुन्हा विचारलं नाही आणि त्यानं पुन्हा सांगितलं नाही. माझं बोलणं मात्र मंडळाच्या वहीत आहे, एकही शब्द इकडचा तिकडे न होता. मिसेस थोरोल्डचं अक्षर सुरेख आहे.